व्हेनिसच्या नावेत राजापेठचा आवाज

तुम्ही माझ्या नावाड्याचा गळा कापला आहे. हो, तुम्हालाच म्हणते आहे, मोठ्या कंपनीतल्या मोठ्या साहेबांना. तुमचं नाव मला माहीत नाही, कारण तुम्ही नाव सांगतच नाही, नुसते हुकूम पाठवता. गळा कापताना रक्त निघालं नाही, म्हणून तुम्हाला वाटलं काही झालंच नाही. झालं आहे. काय झालं, ते मी आता सगळ्यांसमोर सांगते.

मित्रांनो, मी एक जुनी नाव आहे, आणि खऱ्या पाण्याचा एक थेंबही मला कधी लागलेला नाही. इटली देशात व्हेनिस नावाचं शहर आहे. तिथे रस्त्यांच्या जागी पाणी आहे. त्या पाण्यातून लांब, काळ्या, दोन्ही टोकांनी वर उचललेल्या नावा चालतात. त्यांना गोंडोला म्हणतात. मी त्यांच्यातलीच, पण लाकडाची नाही. मी कॉम्प्युटरवरच्या एका खेळातली आहे. त्या खेळात पाचशे वर्षांपूर्वीचं व्हेनिस उभं केलं आहे. खेळणारा पुलावरून उडी मारून माझ्यात बसतो. माझ्या मागच्या टोकाला नावाडी उभा असतो. तो वल्हं मारतो आणि आम्ही खेळणाऱ्याला गल्लीबोळांतून घेऊन जातो.

पण माझा जन्म अमरावतीचा. राजापेठेत खाली मोबाईल कव्हरचं दुकान आहे, मधल्या मजल्यावर बारावीच्या शिकवण्या, आणि सगळ्यात वर, पत्र्याखाली, विपुलभाऊंचा स्टुडिओ. परदेशातल्या मोठ्या कंपन्या खेळ बनवतात, तेव्हा त्यातले खांब, खुर्च्या, घोडागाड्या, नावा असलं किरकोळ काम अशा स्टुडिओंकडे येतं. साहेब, खेळ विकला जातो तुमच्या नावाने. त्यातली खुर्ची मात्र राजापेठेत बनलेली असते.

मला मायाने बनवलं. माया म्हणजे ऑटोवाले डोमाजी आणि इंदूबाई यांची मुलगी. तिने जन्मात पाहिलेली नाव म्हणजे वडाळीच्या तलावातली पायडल मारायची बोट. तरी तिने फोटो पाहून पाहून मला घडवलं. आधी नुसती रेघांची जाळी, मग जाळीला बाक, मग लाकडाचे पोत आणि शेवटी काळा रंग. कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांची एक रीत असते. वस्तूचा अर्धा भाग करायचा आणि दुसरा अर्धा आरशासारखा उलटवून घ्यायचा. मायाने तेच केलं. मी दिसायला नीटनेटकी झाले, पण चालू केलं की घाण्याच्या बैलासारखी गोल गोल फिरायची. कारण गोंडोलाला वल्हं एकच आणि तेही उजव्या बाजूला. म्हणून खऱ्या गोंडोलाची डावी कूस मुद्दाम फुगीर ठेवतात. सरळ चालायचं तर तिला वाकडंच असावं लागतं. मायाने आरशातला अर्धा भाग फेकून दिला आणि तो हाताने पुन्हा घडवला. डोमाजींनी ते पाहिलं आणि म्हणाले, आपला ऑटो बी असाच वाकडा हाय, फक्त त्याले मी ठोकून वाकडा केला.

मग माझ्या नावाड्याच्या आवाजाचा प्रश्न आला. व्हेनिसच्या गल्ल्या अरुंद. कोपऱ्यावर समोरून येणारी नाव दिसत नाही, म्हणून वळायच्या आधी नावाडी मोठ्याने आवाज देतो. खरा इटालियन आवाज कंपनी मागून पाठवणार होती. तोवर काय? विपुलभाऊ म्हणाले, सध्या डमी टाक, मागून बदलू. आमच्या वऱ्हाडात ‘मागून’ हा वार कुठल्याच कॅलेंडरात छापलेला नसतो.

मायाने दुपारी जेवायला आलेल्या वडिलांपुढे फोन धरला. आवाज कशासाठी हवा, ते सांगितलं.

“म्हंजे हॉर्न,” डोमाजी म्हणाले.

“हो बाबा, हॉर्नच समजा.”

“मंग त्यात शिकवाचं काय हाय?”

त्यांच्या ऑटोचा हॉर्न केव्हाचा बिघडला होता आणि त्यांनी तो मुद्दाम तसाच ठेवला होता. हॉर्नले कोणी इज्जत देत नाही, मानसाच्या आवाजाले मानूस सरकते, असं त्यांचं म्हणणं. बडनेऱ्याच्या सवाऱ्या भरून ते गल्लीच्या तोंडाशी येत आणि मान बाहेर काढून आवाज देत. तोच आवाज त्यांनी फोनसमोर दिला.

“ओऽऽ, बाजूले व्हय बे, आलो!”

गल्लीतली एक सायकल खरंच बाजूला झाली. तिची खडखडही त्या आवाजात आली आहे, नीट ऐकलं तर कळते.

डमी कोणी बदलला नाही. माया विसरली, विपुलभाऊ विसरले, आणि साहेब, तपासणारे तुमचे हुशार लोक तर ऐकायलाच विसरले. खेळ बाजारात आला. जगभरात लोक माझ्यात बसले, आणि व्हेनिसच्या प्रत्येक कोपऱ्यावर राजापेठचा ऑटोवाला ओरडू लागला.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस. लोकांना तो आवाज फार आवडला. खेळात छतांवरून पळत गेलं तर लवकर पोचता येतं, तरी लोक मुद्दाम माझ्यात बसायचे आणि कोपरे शोधायचे. काही विद्वानांनी तर ठरवूनच टाकलं की ही व्हेनिसची एक लुप्त झालेली बोली आहे. ‘बाजूले’ या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे, असं एकाने इंटरनेटवर पानभर लिहिलं. त्याच्याखाली मोर्शीच्या एका पोराने उत्तर दिलं की मूळ लॅटिनमध्ये नाही साहेब, राजापेठच्या ऑटो स्टँडवर हाय. मग सगळं उघड झालं. कॉलेजची मुलं मुद्दाम डोमाजींच्या ऑटोत बसून म्हणायची, काका, व्हेनिसवाला आवाज द्या ना. डोमाजी म्हणायचे, पहिले बस तं खरी, व्हेनिस बडनेऱ्याच्या पुढं हाय. खेळ संपल्यावर पडद्यावर हजारभर माणसांची नावं सरकतात. मी नाव, पण माझ्यात बोलणाऱ्याचं नाव त्यांत नव्हतं. डोमाजींनी त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. म्हणायचे, ऑटोवर बी मालकाचंच नाव अस्ते.

पुढचं सांगताना मला बरं वाटत नाही, पण मित्रांनो, तुम्ही लहान आहात म्हणून लपवणार नाही. डोमाजी खर्रा खायचे. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यात घोटून करतात, तो खर्रा. आमच्याकडे पाहुण्याला पाण्याआधी तोच विचारतात. त्यांचा आवाज आधी बसला, मग खरखरला, मग गिळताना दुखू लागलं. अकोल्याला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी माणूस वाचवला, पण त्यासाठी स्वरयंत्र काढावं लागलं. आता त्यांच्या गळ्याला समोर एक भोक आहे. तिथून ते श्वास घेतात. ओठ हलतात, शब्द होतात, पण आवाज होत नाही.

त्यांचे ओठ फक्त इंदूबाईंना वाचता येतात. तेही धडपणे नाही. डोमाजी एक म्हणतात, इंदूबाई दुसरंच सांगतात, मग ते हातवारे करतात आणि इंदूबाई म्हणतात, “या मानसाचं बोलनं बंद झालं, भांडन नाही बंद झालं.” डोमाजी हसतात. त्या हसण्याचाही आवाज येत नाही.

मायाने ऑटोला नवा हॉर्न बसवून दिला. डोमाजींनी तो एकदा दाबून पाहिला आणि हात काढून घेतला. पुन्हा दाबला नाही.

संध्याकाळी मात्र ते घरातल्या कॉम्प्युटरसमोर बसायचे. माया मला चालू करायची आणि एखाद्या कोपऱ्याकडे वळवायची. कोपरा आला की माझा नावाडी ओरडायचा, आणि पडद्याबाहेर डोमाजींचे ओठ त्याच शब्दांबरोबर हलायचे. मी ते आतून पाहत असे. त्या क्षणी आवाज कोणाचा आणि तोंड कोणाचं, हे वेगळं करता येत नसे. बाहेर जगात कुठे ना कुठे, कोणाच्या तरी घरात, हाच आवाज त्याच वेळी कोणाला तरी बाजूला करत असणार, हे त्यांना माहीत होतं. नोकरीवर असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतं, तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर असायचं.

आणि मग साहेब, तुमचा हुकूम आला. खेळाची नवी आवृत्ती निघते आहे, त्यात इतिहासाशी न जुळणारा तात्पुरता आवाज काढून नवा टाकावा. नवा आवाज सोबत पाठवला आहे. काम ज्यांनी नाव बनवली त्यांनीच करावं. म्हणजे मायाने.

माया विपुलभाऊंकडे गेली. हा माणूस वाईट नाही, फक्त भित्रा आहे. तो म्हणाला, “मी तरी काय सांगू त्यायले? डमी होता, डमी काढून राहिले. चूक तं आपलीच हाय ना.”

“चूक माही हाय भाऊ,” माया म्हणाली. “बाबाच्या आवाजाची नाही.”

विपुलभाऊ म्हणाले, आवाज तर तुझ्या फोनमध्ये आहेच की, गेला कुठे?

घरी आल्यावर मायाने तेच सांगून आई-वडिलांना धीर द्यायचा प्रयत्न केला. इंदूबाई कणीक मळत होत्या. त्या मान वर न करता बोलल्या, “फोनातला आपल्यासाठी हाय. हा लोकायसाठी होता.”

डोमाजी खाटेवर बसले होते. त्यांचे ओठ हलले. इंदूबाईंनी पाहिलं आणि मायाला सांगितलं, “इचार कर म्हनते.”

“इचार करून झाला बाबा. आता नाही म्हटलं तं काम जाते.”

डोमाजींनी खाटेच्या कडेवर हात आपटला. मान हलवली. पुन्हा ओठ हलवले, सावकाश, एकच शब्द. इंदूबाईंनी कणकेचे हात तसेच धरून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

“नाही वो,” त्या म्हणाल्या. “इचार कर नाही म्हनत. नुसतं इचार म्हनते. त्यायले इचार.”

मित्रांनो, आमच्या भाषेत ‘इचार’ हा एकच शब्द दोन कामं करतो. एक विचार आपण डोक्यात करतो. दुसरा समोरच्याला विचारतो. आमच्या माणसांना पहिलाच करायची सवय लावली आहे. साहेबांनी काही म्हटलं की घरी येऊन विचार करायचा, बायकापोरांसमोर करायचा, उपाशी राहून करायचा. ज्याला विचारायचं, त्याला मात्र विचारायचं नाही. ज्याला आवाजच उरला नाही, अशा माणसाने त्या संध्याकाळी दुसरा ‘इचार’ सांगितला.

मायाने विचारलं. मधे विपुलभाऊंना न घालता सरळ कंपनीला. हा आवाज चुकीचा कसा ठरला, ठरवलं कोणी, आणि ज्याचा तो आहे त्याला कोणी विचारलं का, एवढंच. साहेब, तुमच्याकडून उत्तर आलं, ‘आपल्या प्रतिक्रियेबद्दल धन्यवाद.’ मायाने नवा आवाज टाकला नाही. तुम्ही तो तिकडूनच टाकला आणि तिला माझ्या कामावरून काढून दुसऱ्या कुठल्या तरी खेळाच्या खुर्च्या करायला बसवलं.

आता जगभर माझा नावाडी एका शिकाऊ गायकासारखा गोड ओरडतो. तो कोणाला सरकवत नाही, विनंती करतो. जुनी मी उरले आहे फक्त या एका घरात. मायाने इथलं इंटरनेट तोडून टाकलं आहे, म्हणून नवी आवृत्ती माझ्यापर्यंत येत नाही. कॉम्प्युटर म्हातारा आहे, त्याचा पंखा घरघरतो. इंदूबाई रोज त्याच्यावरची धूळ पुसतात आणि ओला फडका लावू नको म्हणून रोज मुलीची बोलणी खातात. हे यंत्र बसलं की मीही बसले.

मित्रांनो, तुम्हाला माझं एक मागणं आहे. कोणतीही वस्तू दुरुस्त करायला घ्याल, तेव्हा ती मोडली आहे का, हे आधी विचारा. तिच्यात कोणाचा हात लागला आहे, कोणाचा श्वास आहे, हे विचारा. विचारल्याने कोणी लहान होत नाही.

आणि आता साहेब, तुम्ही. तुमच्या या खेळात पाचशे वर्षांपूर्वीचे व्हेनिसचे सरदार इंग्रजीत कट करतात. मासळीवाल्या इंग्रजीत भाव करतात. फासावर जाणारा चोर इंग्रजीत आईची आठवण काढतो. तेव्हा तिथे असं कोणी बोलत नव्हतं, हे तुमच्या पगारी इतिहासकारांना चांगलं माहीत आहे. ते सगळं चालतं. अख्ख्या शहराची भाषा खोटी, तरी इतिहासाला धक्का लागला नाही. एका नावाड्याने कोपऱ्यावर वऱ्हाडीत आवाज दिला, तेवढ्याने लागला?

तुम्हाला काय खुपलं ते सरळ सांगा. खोटेपणा खुपला, की आमची बोली? धन्यवाद नकोत. डोमाजी समोर खाटेवर बसले आहेत, त्यांना ऐकू चांगलं येतं. उत्तर द्या.