दोनदा गाळलेले पाणी

पाण्याला उकळी फुटली तरी चंदनबालाने पातेले उतरवले नाही. मनातल्या मनात सहाशेपर्यंत मोजले, मग फडक्याने काठ धरून ते खाली घेतले आणि झाकण ठेवले. झाकणही तिने आधी त्याच पाण्यात बुडवून काढले होते.

"पानी शिजलं म्हन की आता," भाकरी थापता थापता अव्वा म्हणाली. "मीठ घालायचं तेवढं ऱ्हायलंय."

आईच्या या बोलण्यावर एरवी ती हसली असती. पण आठवा महिना चालू होता. बहात्तरच्या दुष्काळात, म्हसवडला असताना, टँकरच्या पाण्याने तिला टायफॉइड झाला आणि सातव्या महिन्यात पोटातले मूल गेले. नवरा, जयपाल, तिथेच हायस्कुलात मास्तर होता. या खेपेला त्याने सहाव्यातच तिला सांगलीजवळच्या या गावी, माहेरी आणून सोडले. सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी बजावले होते, पाणी उकळून प्यायचे आणि बाहेरचे काही तोंडात घालायचे नाही. त्यात आठवड्यापूर्वी वडील, आप्पा, बातमी घेऊन आले, वरच्या आळीत हगवण लागलीय. तेव्हापासून स्वयंपाकघर, माजघर आणि परसदार एवढेच तिचे जग उरले होते. बरोबर आणलेली पुस्तके वाचून संपली होती. ती आता पहिल्यापासून पुन्हा वाचायला घेतली होती.

"आक्का, हाय का घरात?"

परसदारी शेजारची मनुबाई उभी होती. हातात ताकाचा तांब्या, वर झाकण.

"चंदनला द्या. वाईच मीठ घाला. अन् पानी दोन येळा गाळून घेतलंय बगा, तुमीच दिलेल्या फडक्यानं."

मनुबाई मराठ्याची. पण जैनाच्या घरी द्यायचे म्हणून गाळल्याशिवाय ताकात पाणी घालायचे नाही, हा तिने स्वतःला लावून घेतलेला नेम. ते फडके ती दुसऱ्या कशालाही वापरत नसे, उन्हात वेगळे वाळत घाली.

"लय आवडीनं पिती," अव्वा म्हणाली. "तोंडाचा तांब्या सोडत न्हाई पोर."

"पिऊ दे की. तांब्या सांजच्याला न्हेते," मनुबाई खुशीत म्हणाली आणि गेली.

माजघराच्या उंबऱ्याशी पुस्तक घेऊन बसलेल्या चंदनबालाने मान वर केली नाही. पहिला तांब्या आला तेव्हा मायलेकींचे वाजले होते.

"फडक्यातून किडामुंगी अडते, अव्वा. रोग अडत नाही."

"मग माघारी लावू व्हय? मूल न्हाई, बाळ न्हाई तिला. तुझ्यात जीव गुतलाय तिचा."

"ओतून टाक."

"दुष्काळात ताकाचं पानी बगायला मिळालं न्हाई, अन् ओतून टाकू?"

"मग तुझं तू बघ. मला देऊ नकोस."

त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही. तांब्या मात्र दिवसाआड येत राहिला, आणि संध्याकाळी रिकामा होऊन जात राहिला.

आजही अव्वाने चुलीकडे तोंड केले आणि उभ्याउभ्याच तांब्या ओठाला लावला. मागून तिचा गळा हलताना दिसत होता. मध्ये एकदा श्वास घ्यायला थांबली, मग उरलेले संपवले. पदराने ओठ टिपले, तांब्या विसळला, रिकामा कसा द्यायचा म्हणून तळाशी गुळाचा खडा टाकला. वळली, तेव्हा दोघींची नजरानजर झाली.

चंदनबालाने पुस्तकाचे पान उलटले. ते अजून वाचून व्हायचे होते.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून अव्वाला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. दुपारपर्यंत तिचे डोळे खोल गेले, बोटांची कातडी सुरकुतली. आप्पांनी सांगलीच्या दवाखान्यात न्यायला तिला गाडीत घातले. चंदनबाला धावत ओट्यापर्यंत आली, तसा त्यांनी हात आडवा केला.

"तू लांब ऱ्हा."

गाडीच्या मागच्या बाजूने अव्वाचे पाऊल तेवढे दिसत होते. गाडी वळली, मग तेही दिसेना.

पुढच्या दिवशी अव्वाला परत आणले ते झाकूनच. भावकीतल्या बायकांनी चंदनबालाला माजघरात बसवले. गरवार बाईने मढे बघायचे नसते. एकीने दार ओढून घेतले आणि बाहेरून त्याला पाठ लावून बसली.

आत सगळे ऐकू येत होते. अंघोळ घालताना सांडणारे पाणी, णमोकार मंत्र, दोराच्या गाठी आवळताना कुणाचे तरी "हळू रं". मग अंगणातून पावले निघाली आणि रस्त्याने लांब गेली. चंदनबाला भिंतीला टेकून, पोटाखाली हात धरून बसून होती. पोटातले मूल जोराने फिरत होते. समोर उकळलेल्या पाण्याची कळशी होती, काठोकाठ भरलेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मनुबाई जेवण घेऊन आली. घरात चूल पेटलेली नव्हती. कांदा-लसूण न घातलेले पिठले, भाकऱ्या, आणि झाकण घातलेला तोच तांब्या. आप्पा खांबाला टेकून बसले होते. मनुबाईने दोघांपुढे ताटे मांडली.

"दोन घास खा बाई. तुझ्या आईचा जीव तुझ्या खान्यात असायचा. मला म्हनायची, तोंडाचा तांब्या सोडत न्हाई पोर. चार दिसांमागं बी म्हनली." तिने नाक पुसले. "घे. एवढं ताक तर घे."

"नको, मावशी."

"बरं, न्हाई तर न्हाई. अन्नावर वासनाच हुयाची न्हाई आता." मनुबाईने मनाला लावून घेतले नाही. तांब्या आप्पांच्या हातात दिला. "आवं दादा, तुमी तर घ्या. तीन दिस झालं पोटात काय न्हाई. पानी दोन येळा गाळलंय."

शेवटचे वाक्य ती सवयीनेच बोलली. आप्पांनी झाकण काढून खाली ठेवले.

आपण गप्प बसलो तर मनुबाईला कधीच काही कळणार नव्हते. तिचे फडके तसेच उन्हात वाळत राहणार होते. चंदनबालाने ताटाकडे पाहिले, भाकरीचा कडेचा तुकडा मोडला, तो हातातच राहिला. आप्पांनी तांब्या उचलला.

"पिऊ नका, आप्पा."

आप्पांचा हात ओठापाशी थांबला.

"का गं?" मनुबाईने विचारले.

"ते अव्वा प्यायची, मावशी. प्रत्येक वेळी. मी एक थेंबसुद्धा कधी प्यायले नाही."

मनुबाईने झाकण उचलून मांडीवर घेतले.

"मी इथंच बसलेली असायची," चंदनबाला म्हणाली. "मला दिसायचं. पिऊ नकोस, एवढं मी तिला एकदाही म्हटलं नाही."