चावलेला घास

आई जाऊन बारा वर्षं झाली, तरी ती माझ्या पोटात आहे, हे मला दोन हजार चार साली कळलं.

माझी जळजळ जुनी. सातपूरच्या आमच्या घरात खायच्या सोड्याची पुडी मिठाच्या बरणीशेजारीच असायची. चिमूटभर पाण्यात घालून प्यायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. माझी आई शकुबाई गावी, सायखेड्याला, असाच सोडा पीत पीत पोटाच्या कॅन्सरने गेली होती. म्हणून माझी मुलगी दीपमाला हट्टाला पेटली आणि मला दुर्बिणीच्या तपासणीला घेऊन गेली. पोटाच्या अस्तराचा बारीक तुकडाही काढून तपासला.

रिपोर्टच्या दिवशी दीपमाला औषधांच्या रांगेत होती, मी एकटीच डॉक्टरांसमोर. कॅन्सर नाही, ते म्हणाले. पण पोटात एक जंतू घर करून बसलाय, बहुधा लहानपणापासून. त्याच्यामुळे अस्तर सुजतं, झडतं, पुन्हा भरतं. वर्षानुवर्षं हेच चाललं की काही पेशी पोटाच्या राहत नाहीत, आतड्यासारख्या होतात. तुमच्यात तशा थोड्या दिसल्या. तिथून कॅन्सरपर्यंत फार थोडे लोक जातात. औषधाने जंतू मरेल, पण तपासायला येत राहायचं.

"हा येतो कुठून?" मी विचारलं.

"बहुतेक घरातूनच, तोंडावाटे. बायका लहान मुलांना घास चावून भरवतात ना, तसाही."

आईने आम्हा तिघा भावंडांना असंच वाढवलं. बाजरीची भाकर तोंडात मऊ करायची आणि बोटाने आमच्या तोंडात घालायची. "चावून देते, मंग जिरंल," म्हणायची. त्या कोमट, गोडसर घासाची चव अजून आठवते. तिचा राग आला, आणि रागापाठोपाठ रडूही आलं.

परतताना द्वारका चौकाच्या गर्दीत रिक्षा अडकली. पोटात जळजळ उठली आणि वाटलं, ही आईच आहे, आत बसून अजून चावतेय. दीपमाला मला धीर देत होती. तिच्याकडे बघवेना. तिलाही मीच चावून भरवलं होतं.

बाळंतपणाला आलेली दीपमाला अजून माहेरीच होती. तिची आठ महिन्यांची छकुली शेजारच्या साळूबाईंकडे ठेवली होती, ती भुकेली झाली होती. घरी आणून मांडीवर घेतली, भाकरीचा तुकडा तोडला, आणि तो माझ्या तोंडात कधी गेला तेही कळलं नाही. चावता चावता थांबले. उठून मोरीत थुंकले. दुसरा तुकडा दुधात कुस्करून भरवला, तर छकुलीने तो बाहेर काढला. माझ्या ओठांत बोट घातलं आणि आपलं तोंड उघडलं.

"आई, चावून दे ना," दीपमाला म्हणाली. "दोन महिने तसंच खातेय ती."

मग मला सांगावंच लागलं, डॉक्टर बोलले ते सगळं. ऐकता ऐकता दीपमालाचा हात आपल्या पोटावर गेला आणि तिथेच राहिला.

छकुली अजून तोंड उघडून माझ्याकडे बघत होती.