कोनाड्यातली आपोआप धुनी

"आली! धुनी आली!" राधेश्याम महाराजाने उंबऱ्यावरून हाळी दिली आणि कुंभार पिंपळगावच्या बायका गुडघ्यांवर आल्या. भिंतीत कोनाडा, त्यावर लाल फडकं. आत ना काडी ना निखारा, तरी धुराचे लोट! दर आठवड्याला, बाजाराच्या आदल्या दिवशी, दुपारी बरोबर बाराला.

"खिडकी उघडायची न्हाई, माउल्यांनो, देव निघून जाईल! श्वास ओढा, खोल ओढा. डोकं जड झालं? तो देवाचा हात! मळमळतंय? पाप बाहेर पडून राह्यलं!"

खिडकी त्याने चिखलाने लिंपून टाकली होती. कोनाड्याखाली तपकिरी तेलकट ओघळ यायचा, त्याला हा 'देवाचं तूप' म्हणायचा आणि कपाळाकपाळाला फासायचा. बाई घुमली की टाळ्या, आडवी झाली की जयघोष. आणि हा गडी स्वतः? धूर असेपर्यंत दर वेळी उंबऱ्याबाहेर, मोकळ्या हवेत! "देवाला जागा द्यावी लागते," म्हणे.

भिंतीपलीकडे रशीदचं दुकान. धुरी दिलेली कोंबडी तो जालन्याच्या ढाब्यांना पुरवायचा. बंद पडलेल्या एका हॉटेलातून त्याने विजेचं धुरीचं कपाट आणलं होतं. खाली कॉइलवर बाभळीच्या ढलप्या धुमसायच्या, वर कोंबड्या टांगलेल्या. त्याचा धूर बाहेर सोडणारा पाइप आधी गल्लीत होता, पण लोकांनी वासाची तक्रार केली. मग रशीदने तो मागच्या पडक्या खोलीत काढला. तेव्हा तिला छप्परच नव्हतं. गेल्या वर्षी महाराजाने ती खोली भाड्याने घेऊन पत्रे टाकले, तेव्हा रशीदच्या बायकोने, रुखसारने विचारलं होतं, "पाइप पत्र्याच्या वर काढला ना?"

"हां हां, काढला," रशीद म्हणाला होता.

त्या दिवशी धुनी भरात असताना चांगुणाबाई महाराजाच्या खोलीच्या दारातून ओरडली, "भाभी, बघा तरी! माझ्या सुनेला देवानं धरलं!" रुखसार धावत गेली. शिवकन्या जमिनीवर आडवी पडली होती, पाच महिन्यांची गर्भार, चेहरा पांढराफटक. पहिलं लेकरू गेल्यापासून सासू तिला दर आठवड्याला इथे बसवत होती. रुखसारने दारातूनच वास घेतला. महाराजाने लावलेल्या धुपाच्या आडून लसूण-मिरचीचा दरवळ येत होता. तिने स्वतः सकाळी वाटलेला मसाला!

रुखसारला आठवलं. पाइप बसवायच्या आधी दुकानात तिचंही डोकं असंच फुटायला लागायचं, उलट्या व्हायच्या. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं: धुमसत्या लाकडातून एक बिनवासाचा वायू निघतो, तो रक्तात शिरला की प्राणवायूला जागा उरत नाही. पोटुशी बाईने तर तिथे उभंसुद्धा राहू नये.

ती दुकानात शिरली. "पाइप कुठंय?"

रशीदने मान खाली घातली. "चूप बैस. आपला धूर त्यांच्या देवाच्या खोलीत जातो, हे कळलं तर दुकान जाळतील. आपल्यासकट."

ते खरं होतं. तरी रुखसार मशीनकडे वळली.

"आणि ती मेली तर? लेकरू मेलं तर? ते पाप कुणाच्या डोक्यावर, सांग!" तिने बटन बंद केलं, प्लग उपसला आणि पायरीचा दगड उचलून धावली.

"बाहेर पडा सगळ्या! ही धुनी न्हाई, आमच्या कोंबडीचा धूर हाय!" तिने दगड खिडकीवर घातला. लिंपण ढासळलं, वारा आत आला. दोघीतिघींनी शिवकन्येला ओढून ओट्यावर आणलं. कोनाड्यातला धूर विरत विरत थांबला, आणि लाल फडक्यामागे पत्र्याचा पाइप दिसला, चरबीने आणि काजळीने माखलेला. बायका कपाळं पदराने खसाखसा पुसायला लागल्या.

"देव बाटवला!" महाराज किंचाळला. "कोंबडीवाल्यांनी धुनी बाटवली! बघता काय?" गल्लीतली चारपाच माणसं दुकानाकडे वळली.

रशीदला शटर ओढून घेता आलं असतं. तो बाहेर आला.

"मारायचं तर मारा, पण आधी ऐका. ह्यानं खोली घेतली तवाच मी सांगितलं, पाइप हटवून देतो. तर म्हणाला, राहू दे भाई, फक्त बाजाराच्या आदल्या दिवशी बराबर बाराला मशीन लाव. मी गप राह्यलो. माझा खर्चा वाचला न. बायकोशी बी खोटं बोललो."

"थापा!" महाराज ओरडला.

"मंग मी मशीन चालू करते," रुखसार त्याच्यासमोर उभी राहिली. "खिडकी बुजवते, दार लावते. तुम्ही अर्धा तास आत बसून दाखवा. तुमचाच देव हाय ना?"

महाराज जागचा हलला नाही. सुनेचं डोकं मांडीवर घेतलेली चांगुणाबाई कडाडली, "बसा की! माझी पोटुशी सून बसली व्हती, तुम्हाला काय झालं? बसा!"

तो मोटारसायकलकडे सरकला, पण तीच चारपाच माणसं आता त्याच्या आडवी उभी होती. रशीदने टेम्पो काढला.

दवाखान्यात शिवकन्येला नळीने प्राणवायू लावला. कितीतरी वेळाने नर्सने पोटावर यंत्र ठेवलं आणि बाळाचे ठोके ऐकू आले. चांगुणाबाई मटकन खाली बसली, मग रुखसारवर उसळली. "तुम्ही लोकांनी आधी का न्हाई बघितलं गं? माझं नातवंड गेलं असतं!"

"चुकलंच, मावशी. पाइप उद्या पत्र्याच्या वर जाईल, मी स्वतः उभी राहून लावून घेईन." रुखसार थांबली नाही. "पण तुम्ही बी दर वेळी बघितलं, तो स्वतः बाहेर बसतो. एका बाईनं तरी विचारायचं, का म्हणून? इथून पुढं धूर दिसला की हात जोडायच्या आधी भिंतीमागं जाऊन बघा. आणि कुणी म्हणालं खिडकी उघडू नका, तर पहिली खिडकी उघडा."