काचवाल्याचे वण

"मान जरा खाली," मी म्हणालो, आणि काचवाल्याने ती इतकी खाली घातली, की जणू खाली घालायचं निमित्तच हवं होतं.

आठवड्यातून एक दिवस माझं सलून बंद असतं. त्या दिवशी शटर अर्धं ओढून आम्ही पाच-सहा बाप आत बसतो. कुणाचा घटस्फोट चाललाय, कुणाला मूल भेटत नाही, कुणी घरी मार खातो. गल्लीला वाटतं, आम्ही पत्ते कुटतो. वाटू दे. जुगारी म्हणवून घेणं परवडतं, बायकोचा मार खाणारा म्हणवून घेणं नाही. मी त्यातलाच, म्हणून सांगतो.

आमची पद्धत एकच. ज्याला बोलायचंय त्याने खुर्चीत बसायचं आणि मी केस कापायचे. समोरासमोर बसवलेला पुरुष हवापाण्यावर बोलतो. गळ्याभोवती कापड आणि मागे कात्री असली की मनातलं बाहेर येतं. आमच्या ड्रायव्हरला टक्कल आहे, त्याच्यासाठी मी नुसती कात्री वाजवतो.

काचवाला बरेच दिवस येत होता, पण बाकड्यावरच बसायचा. खिडक्यांच्या काचा कापणारा माणूस, मनगटभर वण. "धंदाच तसा," म्हणायचा. मालकालाही त्याने तेच सांगितलं होतं. मालकाने मग हात कच्चा म्हणून त्याला कापायच्या टेबलावरून उठवलं आणि काचा पोचवायला लावलं. तेही त्याने मुकाट्याने ऐकून घेतलं.

त्या दिवशी तो पहिल्यांदाच खुर्चीत बसला. दुसऱ्या दिवशी कोर्टात त्याला बोलायचं होतं. मुलगी आईकडेच राहणार की त्याच्याकडे येणार, हे त्यावर ठरणार होतं. आणि या बाबाने कोर्टालासुद्धा काचेचंच सांगून ठेवलं होतं.

केस वर केले तर कानामागून टाळूपर्यंत लांब वण.

"हा पण काचेचाच का हो?"

"हो."

"मागून आली काच?"

मी कात्री थांबवली नाही.

"इस्त्री," तो म्हणाला. "गरम नव्हती."

"नशीबवान आहेस," ड्रायव्हर म्हणाला. "माझी गरम होती."

सगळे हसले, काचवालाही हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला.

"लाज वाटते हो. खिडकीची काच एकटा उचलतो मी. बायकोचा हात धरता आला नसता का? पण पोरगी बघत होती. तिच्यासमोर झटापट नको म्हणून उभा राहिलो."

"मग आज कसं बोललात?" मी विचारलं.

"शाळेतून बाईंचा फोन आला होता. पोरीच्या कपाळावर टेंगूळ आहे. विचारलं तर म्हणते, कपाटाचं दार लागलं. आमच्या कपाटाला दारंच नाहीत. काचेची होती. फुटल्यावर मी परत बसवलीच नाहीत. थेट माझ्यासारखी थाप मारते. मीच शिकवली ना तिला."

मी उगाच त्याच्या मानेवरचे केस झटकत राहिलो.

कोर्टात आमच्यातला एक जण नेहमी सोबत जातो. यावेळी मी गेलो. आत बोलावण्याआधी त्याला मुलीला भेटायला थोडा वेळ मिळाला. बाकाजवळ उकिडवा बसून तो म्हणाला, "डोक्याला लागलं होतं ना मला, ती काच नव्हती. आईने मारलं होतं. मी सगळ्यांना खोटं सांगितलं."

"मला माहितीये," मुलगी म्हणाली.

त्याने हातांनी तोंड झाकलं. इतका शरमलेला माणूस मी आमच्या बाकड्यावरही पाहिला नव्हता.

"बाबा, मग मी कपाटाचं काय सांगू?"

"खरं सांग. आधी मी सांगतो."

पुकारा झाला. ती त्याचं बोट धरून निघाली, पण शिपायाने तिला दाराशीच थांबवलं. बोट सोडवून तो एकटा आत गेला. मान खालीच होती. दार लागायच्या आत त्याचा आवाज ऐकू आला, "साहेब, आधी सांगितलं ते खोटं होतं."

मुलगी माझ्याजवळ येऊन बसली.

"काका, आता बाबाला हसतील का?"

"नाही," मी म्हणालो. मला खरं तर माहीत नव्हतं.