उजवीकडची सीट

“समोरून कोण येतंय?” आईनं विचारलं.

“मला काय ठाऊक? गाडी आहे.”

“गाडी आहे ते कळतंय मला. कुणाची?”

ट्वायलानं डोळे बारीक केले. खडीच्या रस्त्यावर धुळीचा लोट, त्याच्या पुढे निळी पिकअप. “नोव्हाकची.”

“थोरल्याची की धाकट्याची?”

“आई, परीक्षेत हे विचारणार नाहीत.”

“मी विचारतेय ना? बोट उचल.”

ट्वायलानं स्टिअरिंगवरची तर्जनी उचलली, समोरच्यानंही उचलली. नेब्रास्काच्या त्या कोपऱ्यात बोट न उचलता जाणारा माणूस एकतर परगावचा असे, नाहीतर रुसलेला.

आईचा, व्हर्ना कोलारचा, जन्म या रस्त्यावर टपाल वाटण्यात गेला होता. घरोघरच्या टपालपेट्या रस्त्याच्या उजव्या कडेला, म्हणून ती डावीकडच्या चालकाच्या जागी बसतच नसे. सलग सीटवर उजवीकडे सरकायची, डावा पाय पलीकडे टाकून पेडल दाबायची आणि डाव्या हातानं स्टिअरिंग धरायची. उजवा हात पेट्यांसाठी मोकळा. आता ट्वायला चालवायला बसली तरी आई आपल्या जुन्या जागीच होती. फक्त तिचा डावा पाय अधूनमधून चाचपडत पलीकडे यायचा आणि ट्वायला त्याला आपल्या बुटानं परत ढकलायची.

पण या शिकवण्याचाच ट्वायलाला संशय येत होता. पंधरा वर्षं पोरीला साधी शेगडी पेटवू न देणारी आई शिकाऊ परवाना मिळाल्यापासून रोज तिला गाडीत बसवत होती. खांदा दुखतो म्हणून तिनं टपालाची फेरी एका दिव्याची गाडी चालवणाऱ्या हिल्डाला दिली होती आणि पोस्टात बसून शिक्के मारत होती. खांदा दुखणारी बाई पिठाची गोणी उचलते कशी? शिवाय दर गुरुवारी ऑर्विल पेट्स्का तिला आपल्या गाडीतून शहरात नेई. ऑर्विल शेजारचा शेतकरी, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. परत येताना आभाळ भरलेलं असलं तरी आईच्या डोळ्यांवर काळा चष्मा.

“तुझी आई सिनेमात काम करायला लागली की काय?” वर्गातल्या लोर्नानं विचारलं होतं.

ट्वायला हसली होती. घरी येऊन मात्र तिनं आईचं कपाट उघडून पाहिलं. कपडे सगळे जागच्या जागी होते, बॅग फळीवर. बाप घर सोडून गेला तेव्हाही बॅग फळीवरच होती असं आई सांगायची. तो अंगावरच्या कपड्यांनिशी गेला होता.

“माझं लायसन झालं की तू मोकळी, असंच ना?” त्या दिवशी गाडी अंगणात लावताना तिनं विचारून टाकलं.

“मोकळी?” आई दाराची कडी चाचपत थोडी थांबली. “हो. तसंच म्हण.”

त्या रात्री ट्वायला जेवली नाही.

सोळा वर्षं पूर्ण झाली, परीक्षेचा दिवस आला. परीक्षक काउंटीच्या कचेरीत आठवड्यातून एकदाच येत. ते आईच्या जागेवर बसले, पट्टा लावला आणि गावाबाहेर घे म्हणाले. ट्वायलानं सगळं नीट केलं. फक्त थोड्या वेळानं ते म्हणाले, “बाळ, तू सारखी कडेला का जातेस? गाडी बिघडलीय का?”

“नाही सर.”

“मग? ही चौथी पेटी. जवळ आली की तू हळू होतेस.”

ट्वायलाचे कान तापले. परीक्षकांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांना हसू आलं. “व्हर्नाची पोर ना तू? पत्रं नाहीत आज. चल सरळ.”

त्यांनी गुण कापले, पण पास केलं.

कचेरीत परतली तर बाकावर आई आणि तिच्या शेजारी गुडघ्यावर टोपी ठेवून ऑर्विल. आजच? इथूनच जाणार दोघं?

“झालं तिचं?” आईनं विचारलं.

“झालं,” परीक्षक म्हणाले.

आई उठली, हातानं टेबलाची कड शोधली, पर्समधून स्वतःचं लायसन काढलं आणि त्यावर ठेवलं. “हे घ्या.”

“व्हर्ना, याची मुदत आहे अजून,” टेबलामागची बाई म्हणाली.

“मुदत आहे. नजर गेली. मधलं सगळं पुसलंय, कडेकडेचं दिसतं तेवढंच.”

ऑर्विल म्हणाला, “दर गुरुवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाताना सांगतो हिला, पोरीच्या कानावर घाल. ऐकेल तर व्हर्ना कसली!”

“तू गप रे.”

“आणि माझ्या शेजारी बसत होतीस?” ट्वायलाचा आवाज फुटला. “काही झालं असतं तर?”

“झालं असतं,” आई म्हणाली. “रोज भीती वाटायची. पण हे लायसन आधी दिलं असतं तर तुझ्या शेजारी बसायचं कुणी? शिकाऊ पोरीशेजारी लायसनवालं माणूस लागतं. आणि तुला सांगितलं असतं तर रस्ता सोडून माझ्याकडेच बघत बसली असतीस.”

ऑर्विल आपल्या वाटेनं गेला. मायलेकी गाडीत बसल्या. ट्वायलाचा बूट सवयीनं आईचा पाय परत ढकलायला तयार होता. पण पाय आलाच नाही. आईनं दोन्ही पाय जुळवून, मांडीवर हात ठेवले होते.

समोरून एक गाडी आली आणि गेली. धूळ खाली बसत असताना आईनं मांडीवरचं बोट उचललं, उशिरानं. मग तिचं तिलाच कळलं. बोट खाली आलं.

पुढचं वळण घेतलं तेव्हा दूरवर नुसता एक ठिपका होता. ट्वायला त्याच्याकडे बघत राहिली. रंग कळला, मग पुढची जाळी, मग एकच दिवा.

“हिल्डा येतेय,” ती म्हणाली. “अजून लांब आहे. मी सांगते.”

आई ताठ बसली.

“आता,” ट्वायला म्हणाली आणि दोघींनी बोटं उचलली.