गुडघ्यांची वही

धम्मदीपला मुलगी झाली ते २०२० साल. सुनेच्या बाळंतपणासाठी पुण्याहून ऑस्ट्रेलियात, मेलबर्नजवळच्या वेरिबीला मुलाकडे आलेले कमलाबाई आणि शांताराम मार्चमध्ये कोरोनामुळे तिथेच अडकले. परतीचं विमान रद्द झालं. बॅगेत कपडे तीन महिन्यांचे होते आणि गोळ्याही तेवढ्याच.

गोळ्या म्हणजे ती लाल गोळी. कमलाबाईंचे दोन्ही गुडघे झिजलेले, शांतारामांचा उजवा खुबा. घरात एक कंगवा दोघांना पुरावा तशी दोघं एकाच पाकिटातून गोळी घ्यायची. दुखणं थांबायचं हे खरं. पण शांतारामांच्या छातीत स्टेंट होता, कमलाबाईंना बीपी, आणि संध्याकाळी त्यांचे पाय पावासारखे फुगायचे. तिकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

करुणाने पाहिलं. सूनबाई फार्मसीत कामाला, तेव्हा रजेवर. तिने पाकीट उलटंपालटं करून वाचलं, कपाटाच्या वरच्या खणात टाकलं आणि फोनवर डॉक्टर गाठली.

डॉक्टर मूळची लुधियान्याची, हिंदीत समजावून सांगणारी. म्हणाली, दुखणं मारायला ही लाल गोळी जोरकस आहे, यात वाद नाही. पण हृदयाला आणि मूत्रपिंडाला ती महागात पडते. बाबांनी तर तिला हातच लावायचा नाही. पॅरासिटामॉल गरीब स्वभावाची, तिचं गुडघ्यापुढे फारसं चालत नाही. याहून कडक गुंगीच्या गोळ्या असतात, त्यांनी म्हातारी माणसं पडतात. राहिलं वरून चोळायचं जेल. गुडघा कातडीजवळ असतो, तिथे ते पोचतं. खुबा खोल, तिथे पोचत नाही. तेव्हा आईंनी पंधरा दिवस पॅरासिटामॉल घ्यावी, मग पंधरा दिवस जेल लावावं आणि रोजचं दुखणं शून्य ते दहात लिहून ठेवावं. दोन्ही फसलं तरच लाल गोळी, तीही अर्धी, बीपीवर डोळा ठेवून.

कमलाबाई पन्नाशीत अक्षरं शिकलेल्या. वही मिळाली याचाच त्यांना आनंद. पण त्यांचं स्वतःचं माप वेगळं होतं. हॉलमध्ये टीव्हीशेजारी बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. तिथे रोज सकाळी वंदना. पंचांग प्रणाम म्हणजे दोन गुडघे, दोन हात आणि कपाळ जमिनीला टेकलं पाहिजे. दोन वर्षं त्या खुर्चीतूनच हात जोडत होत्या. बुद्धपौर्णिमेला घरातच नातीचं नामकरण ठरलं होतं, भंतेजी झूमवर येणार होते. त्या दिवशी पोरीला मांडीवर घेऊन जमिनीवर बसायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

पॅरासिटामॉलचे पंधरा दिवस वहीत सात, सात, आठ असे गेले.

मग जेल आलं. कमलाबाईंची बोटं वाकडी झालेली, ट्यूब दाबवत नसे. करुणाच्या कडेवर बाळ. शांताराम म्हणाले, हे माझं काम. त्या सोफ्यावर बसत, ते समोर ठेंगण्या स्टुलावर. दिवसातून चार वेळा मोजून जेल घ्यायचं आणि गुडघ्याच्या चारही बाजूंनी हलक्या हाताने चोळायचं. बसताना आणि उठताना त्यांच्या तोंडून एक दाबलेलं ‘हं’ निघे.

बाराव्या दिवशी, शुक्रवारी, वंदना म्हणता म्हणता कमलाबाई कधी खाली गेल्या त्यांनाच कळलं नाही. कपाळाला गालिचा लागला तेव्हा समजलं. डोळे भरून आले. आणि त्याच दुपारी जेल लावून झाल्यावर शांतारामांना उठताच येईना. स्टुलावरून ते गुडघ्यांवर आले आणि सोफ्याखाली काही शोधत असल्यासारखे बराच वेळ तसेच राहिले.

रात्री कमलाबाईंनी वहीत लिहिलं: ७. फरक नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या वंदनेला पुन्हा खुर्चीत बसल्या.

मंगळवारी डॉक्टरचा फोन आला. करुणाने वही वाचून दाखवली. महिनाभर सगळे सात आणि आठ. डॉक्टर म्हणाली, ठीक आहे, मग अर्धी लाल गोळी सुरू करू. करुणाने कपाटाकडे हात केला.

“वही खोटी आहे,” शांताराम म्हणाले.

एरवी ते चार शब्दांवर पाचवा बोलत नसत. करुणा हात तसाच वर धरून थांबली.

“मी खडकीच्या कारखान्यात तपासणीला होतो. गेज एक सांगतंय आणि कागद दुसरं, तर कागद फेकायचा. शुक्रवारी हिचं कपाळ गालिच्याला टेकलेलं मी पाहिलंय.”

“आणि तुम्ही सोफ्याखाली काय शोधत होता, ते मी पाहिलंय,” कमलाबाई म्हणाल्या.

फोनमधून डॉक्टर विचारत होती, क्या हुआ. करुणा म्हणाली, कुछ नहीं, थोडी लड़ाई है.

“त्या गोळीने तुझे पाय सुजतात.”

“सुजू देत. तुमचा खुबा तर वाचेल.”

“अगं, मला विचारायचं तरी.”

“विचारलं असतं तर काय सांगितलं असतंत?”

शांतारामांनी थोडा विचार केला. “दुखत नाही म्हणालो असतो.”

लाल गोळी कपाटातच राहिली. शांताराम गॅरेजमध्ये गेले. कोपऱ्यावरच्या घराने रस्त्याकडेच्या गवताच्या पट्टीवर टाकून दिलेलं माल ठेवायचं एक लाकडी पॅलेट धम्मदीपने उचलून आणलं होतं, त्याच्या फळ्या त्यांनी सोडवल्या. कारखान्याचा नियम होता: काम कारागिराच्या हाताशी आलं पाहिजे, कारागिराने कामासाठी वाकायचं नाही. संध्याकाळपर्यंत खुर्चीच्या उंचीची एक घोडी तयार झाली. वर पोटरी बसेल अशी खाच, खाचेत बाळाचा जुना टॉवेल. धम्मदीप हसला, बाबा, एखादी खुर्ची चालली असती की. ते म्हणाले, खुर्चीवर पाय कलंडतो, याला खाच आहे. आता दोघं जेवणाच्या खुर्च्यांवर समोरासमोर बसत, मधे घोडी, घोडीवर कमलाबाईंचा पाय. वाकणं संपलं.

पौर्णिमेला नातीचं नाव मयूरा ठेवलं. कमलाबाई तिला मांडीवर घेऊन जमिनीवर बसल्या. मग पोरीला करुणाकडे देऊन वाकल्या, कपाळ टेकलं. शांताराम खुर्चीतून हात जोडून बघत होते. उठताना कमलाबाई पुन्हा एकदा वाकल्या. हा तुमच्या वाटचा, असं त्यांनी नंतर सांगितलं.

त्या रात्री त्यांनी वहीतले खोटे ‘७’ खोडले, तिथे ‘३’ लिहिले, आणि शेजारी नवा रकाना आखला: खुबा. रोज विचारलं की शांताराम म्हणायचे तीन. कमलाबाई त्यांचं उठतानाचं ‘हं’ ऐकायच्या आणि सहा लिहायच्या. त्यावरून डॉक्टरने शांतारामांना व्यायाम लावून दिले, काठी दिली, आणि आकडा हळूहळू पाचावर आला.

व्हिसा वाढत गेला. वही संपली, दुसरी आणली. घोडी हॉलमध्येच राहिली. मयूरा तिला धरून उभी राहायला शिकली.

दुसऱ्या वहीत खुब्याच्या रकान्यात शेवटचा आकडा पाच आहे, २५ ऑगस्ट २०२१ चा. शांताराम २६ ऑगस्ट २०२१ रोजी, गुरुवारी पहाटे, वेरिबीच्या घरी झोपेत हृदय थांबून वारले. वय शहात्तर होतं. अंत्यविधीला दहाच माणसांची परवानगी होती.