फिद्दा आजीची तिसरी डिस्क

मित्रांनो, मी एक जुना डीव्हीडी रायटर आहे. संगणकाच्या पोटातून बाहेर सरकणारा तो खण, ज्यावर लोक चहाचा पेला ठेवायचे, तोच मी. जॉर्डनमधल्या सल्त गावात, अबू मुतसिम यांच्या व्हिडिओच्या दुकानात माझी उमेदीची वर्षं गेली. माझ्याकडे लाल प्रकाशाची एक सुई होती. तिने मी अख्खी लग्नं कोरली. चारशे पाहुणे, सहा बकरे, एक रडणारा मामा, सगळं एका तळहाताएवढ्या तबकडीत. मला स्वतःला हे अजून खरं वाटत नाही.

आमच्याकडे बायकांच्या मेहंदीचं चित्रण पुरुष बघत नाहीत. ते डिस्कवर उतरवायचं काम अबू मुतसिमची बायको करायची. ती मक्केला गेली आणि नेमकी इब्तिहाल नावाच्या नवरीची मेहंदी आली. इब्तिहालला शुक्रवारी नवऱ्याबरोबर चिलीला जायचं होतं. पण त्या घरची रीत अशी, की मेहंदीत गायलेल्या ओव्यांना घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईने ओवीनेच उत्तर दिल्याशिवाय नवरी उंबरा ओलांडत नाही. ती बाई म्हणजे फिद्दा आजी. पाय मोडून डोंगरावरच्या घरात पडून होती, मेहंदीला येऊ शकली नव्हती. तिच्याजवळ एक टीव्ही आणि एक डीव्हीडी प्लेअर होता.

अबू मुतसिमने संगणकाच्या पडद्यावर शाल टाकली आणि अंदाजाने काम केलं. पहिल्या डिस्कवर कॅमेऱ्यातल्या फाइली जशाच्या तशा उतरवल्या. प्लेअरला त्या भाषेतलं काही कळत नाही. आधी त्याला समजेल असं रूपांतर करावं लागतं. आजीचा प्लेअर म्हणाला, डिस्कच नाही. दुसऱ्या वेळी रूपांतर नीट झालं, पण शालीखाली भलतीच फाइल उचलली गेली. आजीने चाळीस मिनिटं पुरुषांची पंगत बघितली.

"कुणी गातच नाही गं," ती इब्तिहालच्या बहिणीला, नुहादला म्हणाली. "जेवतात मात्र मन लावून. तो टकल्या कोण? तिसऱ्यांदा वाढून घेतोय."

"तुझा मुलगा, आजी."

शुक्रवार उजाडला. अबू मुतसिमने मला संगणकासकट पिकअपमध्ये घातलं आणि आजीच्या घरी नेलं. तो भिंतीकडे तोंड करून बसला. पडद्यापुढे नुहाद.

"रूपांतर किती झालं, पोरी?"

"ऐंशी टक्के. मागे वळू नका काका, मावशी नाचतेय."

"मी भिंतच बघतोय. तुमच्या भिंतीत ओल आहे."

मग माझी पाळी आली. धक्का बसला की डिस्क वाया, आणि कोरी डिस्क एकच उरलेली. घर श्वास रोखून उभं राहिलं. दारातला नवरदेव दोन्ही बॅगा हवेत धरून उभा होता, खाली ठेवल्या तर हादरा बसेल म्हणून. सुई कोरत होती. बायकांचं गाणं प्रकाश होऊन माझ्यातून जात होतं, आणि मी, एक साधा खण, थरथरू नये म्हणून जिवाचा आटापिटा करत होतो.

टीव्ही लागला तसे दोघे पुरुष अंगणात हाकलले गेले. आजी एकेका ओवीला उत्तर देऊ लागली. इब्तिहाल शेजारी बसून हुंदके देत होती.

"गप गं," आजी टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाली, "ती गातेय."

टीव्हीतली इब्तिहाल गात होती:

"दर्या ओलांडून जाते मी, तिथे ओळखीचं नाही गाव."

मग आजीने सूर लावला:

"मी दिवा मालवेन पहाटे, तू तिकडे तेव्हा लाव."

नुहादने कपाळावर हात मारून घेतला. कॅमेरा टेबलावर होता, झाकण लावलेला.

"आजी, परत म्हण ना."

"उत्तर एकदाच देतात. दुसऱ्यांदा दिलं, तर ती विनवणी होते."

इब्तिहालने डिस्क ओढणीत गुंडाळली आणि उंबरा ओलांडला. त्या डिस्कवर सगळे प्रश्न आहेत. उत्तर एकही नाही. मी ती उत्तरं ऐकली, पण मला दिलं तेवढंच मी कोरू शकतो.

आता मी कपाटात असतो. नव्या संगणकांना खणच नसतो. मित्रांनो, तुमच्या फाइली कुठेही वाजतील अशा करून ठेवा, खरंच वाजतात का ते लावून बघा, आणि डिस्कवर बोटं उमटवू नका. एवढं मी सांगणारच, माझा जन्म त्यात गेला. पण एक विनंती आणखी आहे. नवरी गात असेल तेव्हा कॅमेरा खुशाल तिच्याकडे धरा. कोपऱ्यातल्या म्हातारीने तोंड उघडलं, की आधी तिकडे वळवा.